किराणा, रेशन आणि आटत जाणारं ताट: अन्नमहागाईबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान महाराष्ट्रातल्या रोजंदारीवर किंवा तुटपुंज्या पगारावर चालणाऱ्या घरांसाठी आहे, आणि अशा घरांबरोबर काम करणाऱ्या अंगणवाडी ताई, बचत गटाच्या अध्यक्ष-सचिव व कार्यकर्त्यांसाठीही. हिशेब दाखवताना घेतलेले बाजारभाव उदाहरणापुरते धरलेले आहेत. त्या जागी आपल्या बाजाराचे भाव घाला. रीत बदलत नाही.

बातम्यांत म्हणतात महागाई उतरली. मग वाण्याचं बिल का उतरत नाही?

कारण बातमीतला आकडा भावाचा नसतो, भाव वाढण्याच्या वेगाचा असतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये देशातल्या खाद्यपदार्थांची महागाई १०.८७ टक्के होती. बरोबर वर्षाने, ऑक्टोबर २०२५ मध्ये, ती शून्याच्या खाली उणे ५.०२ टक्क्यांवर गेली. ऐकायला वाटतं, सगळं पूर्वपदावर आलं. पण हिशेब करून बघा. ऑक्टोबर २०२३ मध्ये १०० रुपयांना येणारी पिशवी वर्षाने ११० रुपये ८७ पैशांची झाली. त्यात पाच टक्के घट धरली तर साधारण १०५ रुपये ३० पैसे. म्हणजे ‘उणे महागाई’च्या महिन्यातही पिशवी दोन वर्षांपूर्वीपेक्षा पाच रुपयांनी महागच.

शिवाय ही घट सगळ्या मालात सारखी नव्हती. भाजी आणि डाळी उतरल्या, तेल चढलेलंच राहिलं. ज्या घरात भाजी आठवड्याच्या बाजारातून एकदाच येते आणि तेल मात्र रोज लागतं, त्या घराला उतार दिसलाच नाही.

सरकारी टक्केवारी आणि आमच्या घरचा अनुभव इतका वेगळा का?

महागाई मोजणारा निर्देशांक हा सरासरी घराचा असतो. २०१२ हे वर्ष पाया धरलेल्या निर्देशांकात खाण्यापिण्याला शंभरातले ४५.८६ गुण होते, खेड्यांसाठी ५४.१८, शहरांसाठी ३६.२९. त्यात डाळींचा वाटा जेमतेम २.३८. तूरडाळ दीडपट झाली तरी एकूण आकडा फारसा हलत नाही, आणि ताटातली वाटी मात्र अर्धी होते.

२०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत देशातलं सरासरी ग्रामीण घर खर्चातले ४७ टक्के अन्नावर घालवतं असं दिसलं. त्याच पाहणीत खेड्यातल्या सर्वांत तळच्या ५ टक्के लोकांचा माणशी महिन्याचा सगळा खर्च १,६७७ रुपये होता, शहरात २,३७६ रुपये. दिवसाला सुमारे ५६ आणि ७९ रुपये. यातच औषध, बसभाडं, वहीपेन्सिल सगळं आलं. तळच्या घरात अन्नाचा वाटा सरासरीहून मोठा असतो, त्यामुळे तोच भाव वाढला तरी चटका जास्त बसतो.

आमच्या घरची महागाई किती, हे आम्हीच काढू शकतो का?

काढता येतं. एकच पथ्य पाळायचं: गेल्या वर्षी जेवढा माल आणत होतात तेवढंच प्रमाण दोन्ही वर्षांना धरायचं. चार जिन्नसांचं उदाहरण घेऊ.

तूरडाळ ३ किलो: गेल्या वर्षी ११० रुपयांनी ३३०, यंदा १३० रुपयांनी ३९०.
तेल ४ किलो: १३० रुपयांनी ५२०, यंदा १५० रुपयांनी ६००.
साखर ४ किलो: ४२ रुपयांनी १६८, यंदा ४५ रुपयांनी १८०.
दूध १५ लिटर: ५६ रुपयांनी ८४०, यंदा ५८ रुपयांनी ८७०.

गेल्या वर्षीची बेरीज १,८५८. यंदाची २,०४०. फरक १८२ रुपये, म्हणजे जवळपास १० टक्के.

आता नेहमी होणारी चूक. डाळ महागली म्हणून घरात ३ ऐवजी २ किलो आणली, तेल ४ ऐवजी ३ किलो. यंदाचं बिल झालं २६० अधिक ४५० अधिक १८० अधिक ८७०, म्हणजे १,७६०. गेल्या वर्षीपेक्षा ९८ रुपये कमी! वहीत पाहणारा म्हणेल, या घराला महागाई लागलीच नाही. खरं तर एक किलो डाळ आणि एक किलो तेल ताटातून गेलंय. गरिबाच्या घरी महागाई बिलात दिसण्याआधी पातेल्यात दिसते. म्हणून पाहणी करणाऱ्यांनी ‘किती रुपये लागले’ याबरोबर ‘किती किलो आणलं’ हे विचारल्याशिवाय फॉर्म पुरा करू नये.

रेशनचं धान्य फुकट मिळतं. मग गरिबांना कसली महागाई?

हा प्रश्न बहुतेक वेळा ज्यांच्याकडे रेशनकार्ड चालत नाही तेच विचारतात; असो. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ प्रमाणे प्राधान्य कुटुंबाला (कायद्यात नोंद झालेलं गरीब घर) माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कार्डाला (सर्वांत गरीब घरांचं कार्ड) कार्डामागे ३५ किलो धान्य मिळतं. आधी तांदूळ ३ आणि गहू २ रुपये किलो होता. जानेवारी २०२३ पासून दोन्ही मोफत आहेत आणि जानेवारी २०२४ पासून ही सवलत पुढे पाच वर्षांसाठी वाढवली आहे.

अंगमेहनतीचं काम करणाऱ्या घरात माणशी नऊ-दहा किलो धान्य लागतं. म्हणजे रेशनवर महिन्याचे पंधरा दिवस निघतात, उरलेलं विकत. त्यात ज्वारी-बाजरी खाणाऱ्या घराला तांदूळ जास्त आला की तो डोसे-इडलीला जातो किंवा कमी भावात विकून ज्वारी आणली जाते. एकेकाळी गरिबाचं धान्य म्हटली जाणारी ज्वारी आज बऱ्याच बाजारांत गव्हाच्या वरच्या भावाने विकली जाते.

आणि मुख्य गोष्ट: रेशनवर जे मिळतं ते ताटातलं सर्वांत स्वस्त अन्न. डाळ, तेल, शेंगदाणे, दूध, भाजी, मसाला यांचे भाव ज्या झोक्याने हलतात त्याला रेशनचा टेकू नाही. २०२२ च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ म्हणून रवा, चणाडाळ, साखर प्रत्येकी १ किलो आणि पामतेल १ लिटर १०० रुपयांत दिलं गेलं. पण ते सणापुरतं होतं, दरमहाचं नव्हतं.

अंत्योदयचा एक बारकावा. ३५ किलो हे कार्डामागे आहेत, माणसांमागे नाहीत. घरात आठ माणसं असली तर वाट्याला येतात ४ किलो ३७५ ग्रॅम, म्हणजे प्राधान्य कुटुंबापेक्षाही कमी. सात माणसांपर्यंत अंत्योदय फायद्याचं किंवा बरोबरीचं, त्यापुढे तोट्याचं.

गरीब माणूस त्याच मालाला जास्त भाव देतो, हे खरं आहे का?

खरं आहे, आणि या पानावरची सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. रोजची मजुरी हातात आली की रोजचं आणायचं: पावशेर डाळ, दहाचं तेल, पाचची चहापत्ती, दोनची हळद. हा उधळेपणा नव्हे. खिशात १५० रुपये असताना १५ किलोचा डबा कोण आणणार? पण सुट्या खरेदीची किंमत मोजून पाहा.

१०० मिली तेल २० रुपयांना घेतलं तर लिटर पडलं २०० रुपयांना. तेच लिटरचं पाकीट १५० ला असेल, तर दर लिटरमागे ५० रुपये जास्त गेले. महिन्याला ४ लिटर तेल असं आणलं तर २०० रुपये, म्हणजे वर्षाला २,४००. सुटं खाद्यतेल विकायला अन्नसुरक्षेच्या नियमांत बंदीही आहे, कारण भेसळ ओळखता येत नाही. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं आणि माणसं दगावली. कायद्याने बंदी असली तरी दहा रुपयांचं तेल मागणारं गिऱ्हाईक आहे तोवर ते मिळतच राहतं.

पाच आणि दहा रुपयांच्या पुड्यांचं गणित आणखी बेमालूम. भाव तोच ठेवायचा आणि ग्रॅम कमी करायचे. पाचचा बिस्किटपुडा वर्षानुवर्षं पाचलाच मिळतो, फक्त आतली बिस्किटं मोजायला बोटं कमी लागतात.

उधारीने किती फरक पडतो?

वाणी वहीवर व्याज लिहीत नाही, मालावर लावतो. १०० रुपयांच्या डाळीला १०३ लावले आणि पैसे पंधरा दिवसांनी फेडले, तर महिन्याला शेकडा ६ पडलं. बचत गटाचं कर्ज शेकडा २ ने असेल तर किराण्यापुरतं दोन-तीन हजारांचं अंतर्गत कर्ज उचलून रोखीने खरेदी करणं स्वस्त पडतं. अट एकच: ते पैसे खरंच किराण्यालाच जायला हवेत. आणि वाण्याशी व्यवहार एकदम तोडू नका. आजारपणात किंवा पावसाने काम बुडालं तर गट रात्री उघडत नाही, वाणी उघडतो. उधारी फक्त मीठ, चहा, साबण अशा किरकोळ मालापुरती ठेवा; डाळ-तेल रोखीने आणा.

तेलाच्या पाकिटावर ‘लिटर’ बघायचं की ‘ग्रॅम’?

ग्रॅम. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. १ लिटर सोयाबीन तेलाचं वजन ३० अंश तापमानाला ९१३ ग्रॅम भरतं. त्यामुळे १५ लिटरचा डबा म्हणजे सुमारे १३.७ किलो, १५ किलोच्या डब्यापेक्षा सव्वा किलोहून जास्त तेल कमी. दोन्ही डबे दिसायला जुळे भाऊ. भाव विचारताना ‘पंधरा किलोचा का पंधरा लिटरचा’ हे आधी विचारा.

पाकिटांतही आता ठरावीक मापं राहिली नाहीत. लिटरसारखं दिसणारं ७५० किंवा ८०० ग्रॅमचं पाकीट बाजारात असतं. ७५० ग्रॅम १२५ रुपयांना आणि ९१० ग्रॅम १४८ रुपयांना असेल, तर पहिलं स्वस्त वाटतं. पण किलोला पहिलं १६७ पडतं, दुसरं १६३. पाकिटावर एककाचा भाव, म्हणजे ग्रॅम किंवा मिलीमागचा भाव, छापणं आता बंधनकारक आहे. अक्षर बारीक असतं. चष्मा नसेल तर मुलाला वाचायला सांगा.

तेलाचे भाव अचानक का उसळतात?

देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून अधिक बाहेरून येतं: पाम इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीन मुख्यतः अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफूल रशिया-युक्रेनकडून. तिकडे काही हललं, रुपया पडला किंवा आयातशुल्क बदललं की इथे पाकीट हलतं. १४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयातशुल्क शून्यावरून २० टक्के झालं, ऐन सणासुदीत. सोयाबीन शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून ते केलं होतं. ३० मे २०२५ ला ते १० टक्क्यांवर आणलं. शुल्क वाढलं की पाकीट आठवड्यात महागतं. कमी झालं की ‘जुना साठा आहे’ हे उत्तर महिनाभर मिळतं.

तूरडाळ इतकी महाग का पडते आणि कधी घ्यावी?

तूर हे वर्षातून एकदा येणारं, सहा-सात महिने शेतात उभं राहणारं पीक. डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी काढणी. शिवाय १०० किलो तुरीतून ७० किलोच्या आसपास डाळ निघते, बाकी चुणी-फोलपट. २०२५-२६ चा हमीभाव ८,००० रुपये क्विंटल होता. त्या भावाने तूर घेतली तरी डाळ किलोला ११४ रुपये पडते. चुणीचे पैसे वजा केले तरी गिरणी, वाहतूक, दुकानदाराची कमाई चढायची आहेच. तेव्हा कुणी फारच स्वस्त तूरडाळ दाखवली तर ती मुठीत घेऊन बघा: लाखीची डाळ किंवा दुसरी पिवळी डाळ मिसळलेली असू शकते. लाखीचा दाणा एका बाजूने कुऱ्हाडीच्या पात्यासारखा उतरता असतो.

नवी डाळ फेब्रुवारीअखेरीपासून एप्रिलपर्यंत बाजारात येते आणि साधारण तेव्हाच भाव नरम असतो. दिवाळीच्या तोंडावर तो कडक होतो. जमेल त्यांनी एप्रिलमध्ये चार-सहा महिन्यांची भरावी. दोन-तीन उन्हं कडक द्यायची, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरायची. गरम भरली तर झाकणाला आतून पाणी धरतं आणि बुरशी येते. किलोला लहान चमचाभर एरंडेल चोळलं तर भुंगा लागत नाही. वापरताना गरम पाण्याने दोनदा धुवायची.

डाळ परवडत नसेल तर प्रथिनं कुठून मिळवायची?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या ताटात दिवसाला ८५ ग्रॅम डाळ-कडधान्य धरलं आहे. पाच मोठ्या माणसांचे महिन्याला पावणेतेरा किलो होतात. १२० रुपयांनी दीड हजारांच्या वर. मजुराच्या घरात दोन-तीन किलोवर महिना काढतात. खड्डा किती मोठा आहे ते यावरून कळेल.

तो भरताना किलोचा भाव पाहू नका, १० ग्रॅम प्रथिनांचा भाव पाहा. रीत सोपी: किलोच्या भावाला त्या किलोतल्या प्रथिनांच्या ग्रॅमने भागा आणि १० ने गुणा.

सोयाबीन वड्या: किलोत सुमारे ५२० ग्रॅम. १२० रुपये किलो असतील तर १० ग्रॅम प्रथिनं २ रुपये ३० पैशांना.
हरभरा: किलोत सुमारे २०० ग्रॅम. ८० रुपयांनी ४ रुपये.
तूरडाळ: २२० ग्रॅम. १२० रुपयांनी ५ रुपये ४५ पैसे.
शेंगदाणे: २५० ग्रॅम. १४० रुपयांनी ५ रुपये ६० पैसे, आणि वर तेलही पोटात जातं.
अंडं: एकात ६ ग्रॅम. ७ रुपयांनी साधारण पावणेबारा रुपये.
दूध: लिटरमध्ये ३२ ग्रॅम. ६० रुपयांनी पावणेएकोणीस रुपये.

म्हणून दूध आणि अंडं बंद करा असा याचा अर्थ नाही. लहान मुलांना आणि गरोदर बाईला ते आधी द्यावं, मोठ्यांची भरती हरभरा, मटकी, हुलगा, सोयावडीने करावी. हुलग्याचं माडगं किंवा शेंगोळी, हरभऱ्याच्या घुगऱ्या, पिठलं: ही आपली जुनी टंचाईतली जेवणं उगाच टिकलेली नाहीत. सोयावडी मात्र उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून, दोनदा घट्ट पिळून मगच रश्शात घाला. न पिळता घातली की वास राहतो, पोरं ताट सरकवतात आणि ‘आमच्याकडे चालत नाही’ असं घर ठरवून टाकतं. कडधान्य रात्रभर भिजवलं की गॅसही वाचतो.

कांदा-टोमॅटो एका महिन्यात दहा रुपये, दुसऱ्यात ऐंशी. असं का?

टोमॅटो साठवता येत नाही. उन्हाळी लागवड उन्हाने किंवा रोगाने गेली की जून-जुलैत पोकळी पडते. जुलै २०२३ मध्ये ती इतकी पडली की केंद्राला संस्थांमार्फत टोमॅटो विकावे लागले.

कांदा साठतो, पण सगळा नाही. खरिपाचा लाल आणि त्यामागून येणारा रांगडा टिकत नाही. उन्हाळी कांदा मार्च ते मे निघतो आणि चाळीत बसून ऑक्टोबरपर्यंत देशाला पुरतो. पाच महिन्यांत वजन आणि सड मिळून तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत घट. चाळ रिकामी होत आली आणि परतीच्या पावसाने नवा लाल कांदा भिजवला की भाव चढतो. मग ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, ८ डिसेंबर २०२३ पासून थेट निर्यातबंदी, ती मे २०२४ मध्ये उठली, शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. शहरातल्या गिऱ्हाइकाला दिलासा आणि नाशिक, अहिल्यानगर, सोलापूरच्या शेतकऱ्याला फटका. त्या शेतकऱ्याच्या बांधावर खुरपणारी मजूर बाईही बाजारातून विकतच खाते, हे या भांडणात कुणी मोजत नाही.

घरासाठी एवढंच: एप्रिल-मेत उन्हाळी कांदा पंधरा-वीस किलो घेऊन, पत्र्याखाली नव्हे तर सावलीत, हवा खेळेल असा एका थरात पसरून ठेवा. बटाट्याशेजारी ठेवू नका. आठवड्याला हात फिरवून मऊ पडलेला आधी वापरा.

रेशनकार्ड केशरी आहे, पण धान्य येत नाही. काय करायचं?

रंग आणि धान्य या वेगळ्या गोष्टी आहेत. केशरी कार्डात दोन प्रकार: अन्नसुरक्षेत ‘प्राधान्य कुटुंब’ म्हणून नोंद झालेले आणि न झालेले. प्राधान्यासाठी राज्यात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण ४४,००० आणि शहरी ५९,००० रुपये आहे. म्हणजे महिन्याला ३,६६७ आणि ४,९१७. दिवसाला ५०० रुपये मिळवणारा बिगारी महिन्यात पंचवीस दिवस कामाला गेला तरी १२,५०० होतात. कागदावर तो श्रीमंत ठरतो. मर्यादा कालबाह्य आहे, हे सरळ म्हणायला हवं.

दुसरी अडचण इष्टांकाची. राज्याला जवळपास ७ कोटी लोकांचा कोटा २०११ च्या जनगणनेवरून ठरवून दिला आहे. तो भरलेला असेल तर पात्र असूनही नाव थांबतं. मृत, दुबार, स्थलांतरित नावं कमी झाली की जागा होते. म्हणून नुसतं विचारून येऊ नका. तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत (मुंबईत शिधावाटप कार्यालयात) उत्पन्नाचा दाखला, सर्वांचे आधार आणि कार्डाच्या प्रतीसह लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज.

मराठवाड्यातले आठ, अमरावती विभागातले पाच आणि वर्धा या चौदा जिल्ह्यांत अन्नसुरक्षेत नसलेल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना धान्याऐवजी खात्यात रक्कम देण्याची योजना आहे. २०२३ मध्ये माणशी महिना १५० होती, २०२४ मध्ये १७० झाली. पाच किलो धान्य बाजारात घ्यायला गेलं तर ही रक्कम जेमतेम पुरते आणि भाव वाढला म्हणून ती आपोआप वाढत नाही.

ई-केवायसी झाली नाही म्हणून नाव बंद झालं. आता?

कोणत्याही रेशन दुकानात ई-पॉस मशीनवर ती मोफत होते. ‘मेरा ई-केवायसी’ या मोबाइल अॅपवर चेहरा दाखवूनही होते. अडतं ते तीन ठिकाणी. सिमेंट-विटांच्या, भांडी घासण्याच्या कामाने बोटांचे ठसे पुसट होतात: हात धुऊन, कोरडे करून, दुसरं बोट वापरून पाहा, नाही जमलं तर डोळ्यांचं स्कॅन मागा. लहानपणी काढलेल्या आधारात ठसे नसतात: मूल पाच वर्षांचं झाल्यावर आणि पुन्हा पंधराव्या वर्षी आधार केंद्रात ठसे द्यावे लागतात, त्याशिवाय मशीन त्याला ओळखत नाही. तिसरं, लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डावर असतं: तिथून नाव कमी केल्याचा दाखला आणल्याशिवाय इथे चढत नाही.

ऊसतोडीला, वीटभट्टीला गावाबाहेर गेल्यावर रेशन कुठे मिळेल?

जिथे असाल तिथल्या दुकानात. ‘एक देश एक रेशनकार्ड’मुळे नवं कार्ड किंवा नाव बदलणं लागत नाही, कार्ड क्रमांक किंवा आधार आणि ठसा पुरे. निम्मं धान्य कारखान्याच्या तळावर उचलून उरलेलं गावी आई-वडिलांनी उचललं तरी चालतं. दुकानदार ‘तुमचा कोटा आला नाही’ म्हणाला तर १९६७ वर फोन लावा, आणि जमलं तर दुकानातूनच लावा.

धान्य कमी मोजून देतात. पुरावा कसा ठेवायचा?

ई-पॉसची छापील पावती मागून घ्या. त्यावर हक्काचे आणि दिलेले किलो दोन्ही असतात. गहू-तांदळाचं प्रमाण महिन्यागणिक बदलू शकतं, बेरीज बदलत नाही. पोतं-पिशवीसह तोलून देत असतील तर आधी रिकामी पिशवी काट्यावर ठेवून शून्य करायला सांगा. घट, हमाली, ‘वरून कमी आलं’ ही कारणं कार्डधारकाच्या माथी मारता येत नाहीत. काट्याबद्दल शंका असेल तर मिठाचा बंद १ किलोचा पुडा बरोबर न्या: काट्यावर किलोच्या थोडं वरच दिसायला हवं. कमी दिसलं तर काटाच खोटा. काट्याची तक्रार वैधमापन शास्त्र विभागाकडे, धान्याची तहसीलदार आणि जिल्हा पुरवठा अधिकाऱ्यांकडे. गावच्या दक्षता समितीत कोण आहे हे ग्रामपंचायतीत विचारा. नावं भिंतीवर असतात, सदस्यांना स्वतःला ते ठाऊक नसतं असंही आढळतं.

गटाने एकत्र किराणा भरला तर खरंच वाचतं का?

दहा-पंधरा घरं असतील तर वाचतं. टिकणारा माल घ्या: तूरडाळ, हरभराडाळ, साखर, तेल, शेंगदाणे. पहिल्या महिन्यात दोनच जिन्नस. आठ दिवस आधी प्रत्येकीची मागणी आणि आगाऊ पैसे वहीत. पैसे न दिलेल्या नावावर माल आणायचा नाही, कितीही जवळची असली तरी. घाऊक पेठेत दोन दुकानांचे भाव, हमाली आणि टेम्पोचं भाडं धरून, ठरवा.

करातली एक सोय कामाची आहे. जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या छापील, बंद पाकिटातल्या डाळ-तांदूळ-पिठावर ५ टक्के जीएसटी आहे. त्याहून मोठ्या पोत्यावर आणि सुट्या मालावर नाही. बाजारात २६ आणि ३० किलोची पोती दिसू लागली ती यामुळेच.

बिघडतं कुठे? ३० किलोचं पोतं दोन-दोन किलोंत वाटताना सांडलवंड आणि प्रत्येक वेळी झुकतं माप देऊन शेवटच्या बाईला पावणेदोन किलो उरतात. म्हणून आधीच २९ किलो ७०० ग्रॅमवर हिशेब धरा. तेल मापाने नव्हे, काट्यावर वाटा. सर्वांत स्वस्त प्रत आणली की दुसऱ्या महिन्यात निम्म्या बायका गळतात. मधली प्रत घ्या आणि नमुना मूठभर शिजवून बघा.

तयार जेवणाच्या सरकारी सोयी कोणत्या?

शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० पासून: १० रुपयांत ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात, १०० ग्रॅम वरण. मेहनतीच्या माणसाचं पोट याने भरत नाही, पण आधार होतो. जवळचं केंद्र चालू आहे ना, हे जाण्याआधी बघा. शाळेत पहिली ते पाचवीला रोज १०० ग्रॅम धान्य-२० ग्रॅम डाळ, सहावी ते आठवीला १५० आणि ३० ग्रॅम. शाळा महिनाभर बंद झाली की पहिलीतल्या एका मुलामागे अडीच किलो धान्य आणि अर्धा किलो डाळ घरावर पडते. मे महिन्याचा किराणा ठरवताना हे विसरलं जातं. अंगणवाडीत सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, गरोदर आणि स्तनदा माता यांना आहार आहे. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून मातांना एक वेळचं ताजं जेवण आणि मुलांना अंडी-केळी.

घरात अन्न कमी पडतंय हे बाहेरून कसं ओळखायचं? कुणी सांगत तर नाही.

सांगणार नाहीच. ‘जेवलात का’ असं विचारू नका, ‘काल कालवण काय केलं होतं’ असं विचारा. उतरण ठरलेली असते: आधी फळं आणि मटण जातं, मग दूध चहापुरतं राहतं, भाजीऐवजी ठेचा-चटणी येते, वरणात पाणी वाढतं, फोडणी जाते आणि शेवटी भाकरीची संख्या कमी होते. प्रत्येक पायरीवर घरातली बाई सर्वांच्या आधी खाली उतरलेली असते, कारण ती शेवटी जेवते. उरलं तर.

लहान मुलाच्या बाबतीत अंदाजावर राहू नका. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाचा मध्यावरचा घेर अंगणवाडीतल्या पट्टीने मोजा. १२.५ सेंटिमीटरच्या खाली आला तर मूल कुपोषणाकडे चाललंय; ११.५ च्या खाली किंवा दोन्ही पायांवर सूज असेल तर त्याच दिवशी अंगणवाडी ताई किंवा आशाताईला घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तिथून गरजेप्रमाणे ग्राम बाल विकास केंद्रात किंवा पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवतात. आईची मजुरी बुडणार असते, म्हणून ती ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणते. घरी मागे राहणाऱ्या मुलांचं जेवण कोण करणार हे आधी ठरवून दिलं की ती निघते.